आठवी जाई

एकदा एका वृद्ध वैद्यांनी ठरवले, की परसाचे कुंपण आता बदलायचेच. जुन्या बांबूंना वाळवी लागली होती आणि गावातल्या शेळ्या तर त्या कुंपणाला कुंपण मानायलाच तयार नव्हत्या. आता दगडी खांब रोवून तार ओढायची होती.

त्या कुंपणावर आठ जाई चढलेल्या होत्या. वैद्यबुवा जखमेवर लावायचे जे तेल करीत, त्याला जाईचाच पाला लागे. आठांपैकी सात वेल त्यांनी स्वतः लावलेले. आठवा त्यांच्या शिष्येचा. चार वर्षांपूर्वी ती वैद्यक शिकायला आली, तेव्हा आईच्या अंगणातली एक काडी ओल्या फडक्यात गुंडाळून घेऊन आली होती. पुढे आई गेली, भावांनी घर विकले, नव्या मालकाने अंगणात फरशी घातली. आईच्या हातचे म्हणावे असे आता एवढेच उरले होते.

काम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी शिष्येने जय्यत तयारी केली. अडुळशाभोवती काठ्या रोवल्या, कोरफडीवर टोपल्या पालथ्या घातल्या, तुळशीच्या कुंड्या ओसरीत ओढल्या. माप घ्यायला आलेल्या कारागिराला तिने कुठे पाय ठेवायचा आणि कुठे नाही, हे दोनदा समजावले. तिसऱ्यांदा सुरुवात केली तेव्हा तो म्हणाला, "ताई, मी खांब रोवायला आलोय, परीक्षेला नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी वैद्यबुवा कोयता घेऊन परसात आले आणि त्यांनी पहिली जाई जमिनीपासून वीतभर ठेवून छाटून टाकली. मग दुसरी. मग तिसरी. कळ्यांनी भरलेल्या फांद्यांचा ढीग पडला. शिष्या पाहतच राहिली. जपायचे म्हणून जिने रात्रभर डोळ्याला डोळा लावला नव्हता, तिच्यासमोर गुरूच कत्तल करत होते. शेजारच्या काकूंना मात्र पर्वणी लाभली. "बुवा, काड्या नेते हं! माहेरी पाठवीन, नणंदेला देईन," म्हणत त्यांनी ओटी भरून घेतली.

सात झाल्या. आठवीपाशी वैद्यबुवा थांबले आणि कोयता तिच्यापुढे धरला. "ही तू काप."

"नाही गुरुजी. मी हिला सोडवून ठेवते. एक पानही तुटू देणार नाही."

"नक्की?"

"नक्की."

तिचे डोळे भरलेले पाहून त्यांनी हात मागे घेतला. कोयता पुसून घरात गेले.

शिष्येने अर्धा दिवस खपून एकेक फांदी बांबूवरून उलगडली, गोणपाटावर निजवली, वर ओले फडके घातले. काकू पुन्हा आल्या. "तुझ्या जाईचा वास काही औरच आहे गं. एक काडी दे की."

"काकू, आत्ता हात नका लावू तिला. आधीच घाबरलीय."

"ती, की तू?"

काडी काही मिळाली नाही.

तीन दिवसांचे काम अकरा दिवस चालले. प्रत्येक वेलाशेजारी दोन हात खोल खड्डा खणला गेला. अखेर तार ओढली गेली आणि शिष्येने आपली जाई तिच्यावर पुन्हा चढवली, मऊ सुतळीने बांधली. एका बाजूला सात बोडके खुंट, दुसऱ्या बाजूला हिरवीगार आठवी. पाहून तिला जरा अभिमानही वाटला. गुरूंनाही कधी कधी कळत नाही, असे तिच्या मनात आले. लगेच तिने मनातल्या मनात कानाला हात लावला, पण विचार काही मागे घेतला नाही.

आठवड्याने पाने गळपटली. तिने पाणी वाढवले. पाने वळू लागली. तिने सावली बांधली, खत घातले, दिवसातून दहा वेळा जाऊन पाहिले. नखाने साल खरवडली तर आत तपकिरी. मग घाबरून तिने जमतील तेवढ्या काड्या तोडून मातीत खोचल्या. एकही फुटली नाही. त्यांच्यात फुटण्याजोगे काही उरलेच नव्हते. त्याच सुमारास सातही खुंटांना तांबूस कोंब आले.

ती वैद्यबुवांपुढे जाऊन उभी राहिली. "तुम्हाला ठाऊक होतं."

"होतं," ते म्हणाले. "खांबाचं माप पाहिलं तेव्हाच कळलं, निम्मी मुळं जाणार. निम्म्या मुळांना सबंध वेल पोसवत नाही, पोरी. म्हणून जेवढी मुळं उरतील तेवढाच वेल मी ठेवला. तू सगळा ठेवलास. पानं मागत राहिली आणि मुळं देता देता संपली."

"मग दटावायचं होतंत मला! मी नाही म्हटलं तरी कापायची होतीत!"

वैद्यबुवांनी हातातला खल खाली ठेवला.

"चाळीस वर्षं लोकांची गळवं फोडली. कुणाच्या ओरडण्याला भ्यालो नाही. तुझ्या डोळ्यांतल्या पाण्याला भ्यालो. तू मला दुष्ट म्हणशील, हे मला नको होतं. भीड भिकेची बहीण म्हणतात. इथे तर भीक मागायलाही दार ठेवलं नाही तिनं. एक काडी मागायची, तर ती आता कुणाकडे मागणार? तुझी माया आणि माझी भीड, दोघींनी मिळून जाई मारली. आणि दोघींनाही वाटत होतं, आपण जपतोय."

शिष्येला ते सहन झाले नाही. गुरूंनी सगळा दोष तिलाच दिला असता तर रुसायला तरी जागा होती. त्या सकाळी तिने कोयता चालवला असता, तर आईची जाई काकूंच्या ओटीतून वीस अंगणांत गेली असती. एकही पान तुटू न देण्याच्या नादात तिने ती पृथ्वीवरूनच पुसली होती.

तिने वाळलेला वेल उपटला आणि त्या जागेभोवती दगडांचे आळे केले. महिन्याभराने वैद्यबुवांनी विचारले, "इथे काय लावायचं?"

"काही नको. ही जागा अशीच राहू दे."

"नाही," वैद्यबुवा म्हणाले. तिचे डोळे पुन्हा भरले होते, पण या वेळी बुवा घरात निघून गेले नाहीत. "रिकामी जागाही तू तशीच उराशी धरून बसशील. मी बसू देणार नाही."

ती दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने त्या आळ्यात कारल्याच्या बिया टोचल्या. वेल हातभर वाढला, तारेला पोचला. बाजूने फांद्या फुटाव्यात म्हणून कारल्याचा शेंडा याच वेळी खुडतात, हे तिला पाठ होते. कोवळा, लवलवता शेंडा तिने चिमटीत धरला. पुष्कळ वेळ नुसताच धरला. मग खुडला.

ज्यांच्या घरी लेकरे आहेत, त्यांनी ही गोष्ट नुसती कुंपणाची म्हणून वाचली तरी हरकत नाही. तेवढेच पचायलाही दिवस लागतात.