हातोहात फिरलेली कादंबरी

मागून कुणी नुसतं ‘मॅडम’ म्हटलं तरी कॉलेजात मराठी शिकवणारी शलाका दचकायची. त्या दिवशी संस्थेचे अध्यक्ष तात्यासाहेब इंगवले यांच्या गाडीचा हॉर्न वाजला आणि त्यांच्या सत्काराचं काचेचं स्मृतिचिन्ह तिच्या हातून पडून फुटलं. तिला नोकरीत कायम करायचं की नाही, हे त्यांच्याच हातात! घाबरून तिनं स्टाफरूममधल्या आपल्या कपाटातलं एक पुडकं काढून स्मृतिचिन्हाच्या जागी ठेवलं. प्राचार्यांनी तिच्या साखरपुड्यात दिलेलं ते पुडकं तिनं कधी उघडलंच नव्हतं.

तात्यासाहेब कादंबरीकारही होते. भाषणात ते गरजले, “अभिजात कादंबरीची खूण एकच! ती एका घरात थांबत नाही, हातोहात फिरते. माझी तशीच आहे!”

टाळ्या झाल्या. मग त्यांनी भेट उघडली. आत त्यांचीच कादंबरी, त्यांच्याच सहीची : ‘प्राचार्यांस सप्रेम’. प्राचार्य छताकडे बघू लागले.

“हा चावटपणा कुणाचा?” तात्यासाहेब कडाडले.

शलाका दचकतच पुढे झाली, जीभ मात्र चालली. “तुमच्याच बोलण्याचा पुरावा आहे, सर. तुम्ही ती प्राचार्यांना दिलीत, त्यांनी मला, मी आज तुम्हाला. एका घरात थांबली म्हणून नाही!”

सभागृहात हशा पिकला.

“पण वाचली का कुणी?”

“ते तुमच्या व्याख्येत नव्हतं, सर.”

तात्यासाहेबांनी अजून चिकटलेलीच असलेली दोन पानं नखानं सोडवली आणि स्वतःच खो खो हसले. “प्राचार्य, या मॅडमना कायम करून टाका. व्याख्या मात्र मलाच बदलायला हवी!”