पंचांची फांदी

बाभळी माणसांशी बोलत होत्या तेव्हाची गोष्ट. एका विहिरीवरच्या बाभळीत सुगरण पाखरांचा थवा राहायचा. घरटी कुठे टांगायची ते पाच नर पंच ठरवायचे. माद्यांना बोलावणं यायचं ते घरटं अर्धं विणून झाल्यावर, तेही छान म्हणायला.

गेल्या साली पंचांनी पश्चिमेची फांदी धरली होती. वारा सुटला आणि ठकू नावाच्या मादीची तिन्ही अंडी विहिरीत गेली. यंदाही पंचांनी तीच फांदी ठरवली.

"तात्या, ती फांदी वाऱ्याच्या तोंडावर आहे हो," ठकू म्हणाली.

पंचांतले पिवळ्या टोपीचे तात्या हसले. "अगं, विणकाम आमचं. तू आपली अंडी सांभाळ."

"तेच तर सांभाळतेय!"

त्या दिवसापासून एकही मादी घरट्यात शिरली नाही. नर गाऊन गाऊन घसा बसवून घेत होते, पण घरटी रिकामीच लोंबत राहिली. पाचव्या दिवशी तात्या नरमले.

"बरं बाई, पूर्वेची फांदी घेऊ. झालं समाधान?"

"यंदापुरतं झालं. पुढच्या साली कोण विचारतंय आम्हाला?"

असं म्हणून ठकू उडाली आणि थेट पंचांच्या बसायच्या फांदीवर, तात्यांना खेटून बसली. तिच्यामागून आणखी चौघी आल्या. फांदी चांगलीच वाकली.

"अगं उतरा, मोडेल ना!" तात्या ओरडले.

ठकूनं पंख आवरून घेतले. "मग जाड फांदी शोधा, तात्या. आम्ही उतरणार नाही."