नाही म्हणण्याचा सण

ग्रीस देशातल्या एका बेटावरची ही गोष्ट. इटलीने दरडावलं होतं, "आमच्या फौजेला वाट द्या." ग्रीसने सांगितलं, "नाही." पुढे देश हरला, बेटावर इटलीचा कप्तान येऊन बसला, तरी लोक त्या 'नाही'चा दिवस सण म्हणून पाळत.

त्या दिवशी कप्तानाने सगळं गाव बंदरावर उभं केलं. काडेपेटी दाखवत म्हणाला, "कुणी सण केला तर सगळ्या होड्या जाळीन!"

होड्या गेल्या तर पोरंबाळं खाणार काय? म्हातारी स्तामाता पुढे आली. "साहेब, सगळ्यांना एकदमच विचारा ना. तुमचीही खात्री होईल."

कप्तान ओरडला, "आज सण करणार आहात का?"

"नाही!" गाव म्हणालं.

"मोठ्यानं बोला!"

"नाही!" आवाज डोंगरापर्यंत गेला. म्हाताऱ्यांचे डोळे भरून आले.

कप्तान खूश झाला. "शाबास!"

"झाला हो साहेब आमचा सण," स्तामाता हळूच म्हणाली. "सगळ्यांनी मिळून एवढंच म्हणायचं असतं. आता खुशाल जाळा होड्या. पण सण कुणी करवून घेतला, ते तुमच्या वरच्या साहेबांना आम्ही सांगू."

कप्तानाने काडेपेटी मुकाट्याने खिशात घातली. संध्याकाळी सगळ्या होड्या समुद्रात गेल्या.