सुतळीचं माप

एकदा एका शिष्याला कॅमेरा घ्यायचा होता. आयुष्यातला पहिला, स्वतःचा, लेन्स बदलता येणारा खराखुरा कॅमेरा. खिसा बेताचा आणि हौस दांडगी. अशा वेळी माणूस जे करतो तेच तोही करत होता. घेत काहीच नव्हता आणि बघत सगळं होता.

शिष्याचं नाव वैजनाथ. तालुक्याच्या गावी बाजारपेठेच्या टोकाला नरहर मास्तरांचा जुना फोटो स्टुडिओ आहे, तिथे तो काम शिकायला जाई. मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत. गावातल्या लग्नांचे, बारशांचे, पासपोर्टचे, आणि हार घालून भिंतीवर लावायचे असे सगळे फोटो वर्षानुवर्षं त्यांनीच काढलेले, म्हणून लोक त्यांना मास्तर म्हणत. आता डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. कॅमेरा ते क्वचितच हातात घेत, पण शिकवण्याची खोड काही सुटली नव्हती.

वैजनाथचा सारा वेळ मोबाईलवर जाई. हा कॅमेरा बरा की तो? बॉडी, म्हणजे लेन्सखेरीजचा नुसता कॅमेरा, नवी घ्यावी की कुणी वापरलेली? नवीन बॉडी घेतली तर तिच्यासोबत मिळणारी साधी लेन्स गळ्यात पडते. जुनी बॉडी घेतली तर वाचलेल्या पैशांत लांबचं जवळ आणणारी मोठी झूम लेन्स बसते. त्याचं मन त्या झूमवर जडलं होतं. हातभर लांब, भारदस्त, गळ्यात अडकवली की माणसानं दोनदा वळून बघावं अशी. पण तीही तो घेत नव्हता. नवरात्रात सेल लागेल म्हणून थांबला, नवरात्र गेलं. दिवाळीत आणखी उतरेल म्हणून पुन्हा थांबला. अहो, लग्नाची मुलगी पसंत करायला लोक इतका वेळ लावत नाहीत!

ही चालढकल नुसत्या हौसेची असती तर मी तुम्हाला सांगत बसलो नसतो. वैजनाथच्या घरात त्याचे वडील अंथरुणाला खिळलेले होते.

वडील माणिकराव, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. उंचेपुरे, झुपकेदार मिशांचे, आणि आवाज असा की गच्च भरलेल्या गाडीत पुढच्या दारातून मागच्या बाकापर्यंत पोचायचा. त्यांना गालाचा कर्करोग झाला. उन्हाळ्यात शस्त्रक्रिया झाली, डॉक्टरांनी गाल आणि जबड्याचा अर्धा भाग काढला. मिशी गेली, आवाजही गेला. तोंडातून लाळ गळत राही, जखमेला वास येई. पुढे डॉक्टरांनीच सांगितलं की आता घरीच ठेवा, त्यांना हवं-नको ते बघा.

त्यांना एकच गोष्ट हवी होती. आपला फोटो काढावा, आणि तो वैजनाथनं काढावा.

तसं ते उन्हाळ्यापासून म्हणत होते. ते बोलत ते अगदी जवळ बसल्याशिवाय कळत नसे. म्हणून आई त्यांच्या तोंडाशी कान नेई आणि दाराकडे बघून सांगे, "फोटोचं विचारतायत रे."

दाराकडे, कारण वैजनाथ तिथेच उभा असे. खोलीत तो जात नसे. औषधं आणून देई, फळं आणून देई, रात्री-अपरात्री रिक्षा बोलावून आणी, कशात म्हणून कमी पडत नसे. पण उंबऱ्याच्या आत त्याचं पाऊल पडत नसे. "कॅमेरा आला की काढतो, बाबा," असं तो बाहेरूनच मोठ्यानं म्हणे, आणि पिशवी आईच्या हातात देऊन निघे.

शेवटी एके दुपारी तो मास्तरांपुढे जाऊन बसला. "मास्तर, तुम्हीच सांगा आता. माझं डोकं चालेनासं झालंय. पैसे एवढेच आहेत. कुठली लेन्स घेऊ?"

मास्तर उठले, फ्रेमा बांधायच्या सुतळीचा गुंडा खणातून काढला आणि त्याच्या हातात ठेवला.

"ज्याचा फोटो तुला सगळ्यात आधी काढायचाय, त्याच्यापासून तू रोज जिथे उभा राहतोस तिथपर्यंत ही धर. तेवढी तोड आणि मला आणून दे."

"कशाला?"

"लेन्सचं माप घ्यायला."

म्हातारा चळला, असंच वैजनाथला वाटलं. कुणालाही वाटेल. पण गुरूचा शब्द मोडायची त्याची छाती नव्हती. घरी येऊन तो नेहमीसारखा दारात उभा राहिला, सुतळीचं टोक आईकडे दिलं आणि म्हणाला, "हे बाबांच्या उशीपाशी धर जरा."

"हे काय आता नवीन?"

"कॅमेऱ्यासाठी माप हवंय."

कॅमेरा हा शब्द कानी पडला मात्र, माणिकराव उठायला लागले. आईनं पाठीमागे हात दिला. त्यांनी केसांवरून हात फिरवला, सदऱ्याचं वरचं बटण लावलं, आणि सुतळीचं टोक बायकोच्या हातातून घेऊन स्वतःच्या मुठीत धरलं. मग काहीतरी बोलले. वैजनाथला नुसती घरघर ऐकू आली.

"आत ये म्हणतायत," आई म्हणाली.

"आज नाही. आज फक्त माप घ्यायचंय," वैजनाथ म्हणाला, आणि आपल्या पायापाशी सुतळी तोडून घाईघाईनं बाहेर पडला.

मास्तरांनी ती सुतळी टेबलावर पसरली. टेबल संपलं तरी ती संपेना. मग त्यांनी ती आपल्या हातांनी मापली आणि विचारलं, "खोली केवढी आहे रे तुमची?"

"लहानच आहे. दहा बाय दहा."

"मग हे तर उंबऱ्याच्या बाहेर जातंय."

वैजनाथ सुतळीचं टोक बोटाला गुंडाळत बसला.

"आता ऐक," मास्तर म्हणाले. "लेन्स म्हणजे काय? आपण समोरच्यापासून किती लांब उभं राहायचं, हे ठरवून टाकणं. बाकी सगळं कारागिरीचं. ही सुतळी आहे एवढीच ठेवायची असेल, तर तुला ती मोठी झूम लागेल. पैसे सगळे तिच्यात जातील, आणि तुमच्या त्या अंधाऱ्या खोलीत ती बिचारी आंधळी होईल, कारण तिच्यातून उजेड आत कमी येतो. आणि सुतळी तोडून हातभर केलीस, तर पन्नास मिलिमीटरची साधी लेन्स पुरेल. मुठीएवढी असते. तिच्यात चित्र ना मागे सरतं ना पुढे, पण उजेड भरपूर घेते. वापरलेली बॉडी घे, ही लेन्स घे, वर पैसे उरतील. लांबून बघण्याचं सामान महाग असतं, बाळा. जवळ जायला नुसते पाय लागतात."

"झूम काही वाईट नसते मास्तर," वैजनाथ चिडून म्हणाला.

"मी कुठे म्हटलं वाईट असते? समोर वाघ असता तर मीच तुला घ्यायला लावली असती. तुझा बाप वाघ आहे का?"

वैजनाथचा चेहरा पडला. मग तो एकदम बोलला, "मला बघवत नाही मास्तर त्यांच्याकडे. तुम्हाला काय सांगू? ते माझे बाबा वाटतच नाहीत. मला किळस येते, आणि किळस येते म्हणून स्वतःची लाज वाटते."

"ठाऊक आहे. तुला कॅमेरा नकोच आहे, उंबऱ्याबाहेर थांबायला सबळ कारण हवंय. ते कारण तू उन्हाळ्यापासून मोबाईलवर शोधतोयस." मास्तरांनी सुतळी गोळा केली. "झूमनं चित्र जवळ येतं. माणूस जिथल्या तिथे राहतो. ऊठ, जा आता."

इथे वैजनाथ तडक उठला, दुकानात गेला आणि घरी धावला, असं सांगायला मला आवडलं असतं. पण तसं झालं नाही. बोलणं मनाला लागलं की आपण आधी बोलणाऱ्यावर रुसतो. वैजनाथही रुसला. स्टुडिओत जाणं त्यानं बंद केलं. तेवढ्यात दिवाळी आली, सेल लागला, झूमची किंमतही उतरली. तो रोज ती मोबाईलवर उघडून बघे आणि बंद करी. तिकडे माणिकरावांचं जेवण नळीवर आलं. उठून बसणंही थांबलं.

एके सकाळी आई पिशवी घ्यायला दारात आली आणि म्हणाली, "आता फोटोचं विचारत नाहीत रे ते." एवढंच म्हणाली आणि आत गेली.  त्याच दिवशी जिल्ह्याच्या गावी जाऊन वैजनाथनं वापरलेली बॉडी आणि पन्नासची लेन्स आणली.

दुपारी तो दारात उभा राहिला, सवयीनं तिथूनच कॅमेरा डोळ्याला लावला. काचेत पलंग दिसला, भिंत दिसली, सलाईनची दांडी दिसली. वडील दिसले ते चादरीखालचा उंचवटा म्हणून. फिरवायला लेन्सवर झूमचं कडंच नव्हतं. चित्र मोठं करायचं तर एकच उपाय होता. त्यानं उंबरा ओलांडला.

तो जवळ आला तसं माणिकरावांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

"बाबा, माझ्यावर रागावलात?"

आई हळूच म्हणाली, "राग नाही रे. हल्ली तू दारात दिसलास की ते असंच करतात. पोराला बघवत नाही म्हणतात, कशाला त्याला त्रास."

वैजनाथ मटकन पलंगाच्या कडेला बसला. इतके दिवस त्याला वाटत होतं, बाबा झोपलेले असतात.

"बाबा, इकडे बघा. मी आलोय. फोटो काढायचाय ना?"

माणिकरावांनी हळूहळू मान वळवली. ते बोलले तेव्हा शब्द ओले होते, तुटके होते, पण एवढ्या जवळून सगळे कळत होते. आईची गरज पडली नाही.

"फोटोचं काय रे," ते म्हणाले. "तू आत येत नव्हतास. म्हटलं, फोटोला तरी येशील."

वैजनाथला हुंदका आवरेना. माणिकराव त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून पडून राहिले. त्यांच्या तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ ओघळली. लेन्ससोबत एक मऊ फडकं मिळालं होतं, काच पुसायचं. ते त्यानं काढलं आणि वडिलांचं तोंड पुसलं. आधी घाबरत, मग नीट, जखमेच्या कडेपर्यंत.

"काढू का मग?" त्यानं विचारलं.

"काढ. आणलायसच एवढा तर."

त्यानं काढला. पन्नासच्या लेन्सनं डोळे तेवढे लख्ख टिपले, बाकीचं सारं मऊ धूसर झालं. वैजनाथ उठायला लागला तेव्हा माणिकरावांनी त्याचा गुडघा सोडला नाही, म्हणून तो संध्याकाळपर्यंत तिथेच बसला.

त्यानंतर वैजनाथला फार थोडे दिवस मिळाले. त्यातले बरेचसे माणिकरावांच्या गुंगीत गेले. पुढचा आठवडा लागायच्या आत ते गेले.

तेराव्याला काकांनी नोकरीतला जुना फोटो मोठा करून भिंतीवर लावला. गणवेशातला, भरदार मिशांचा. वैजनाथनं आपला फोटो दाखवला तेव्हा काका म्हणाले, "अरे, असला फोटो लोकांपुढे लावतात का? वेडा आहेस का?" वैजनाथनं वाद घातला नाही. पाहुणे गेल्यावर तो कॅमेरा घेऊन मास्तरांकडे गेला.

मास्तरांनी कॅमेऱ्याचा पडदा डोळ्याशी नेऊन तो फोटो बराच वेळ पाहिला. मग विचारलं, "बाबा काय म्हणाले?"

वैजनाथनं सगळं सांगितलं. शेवटी म्हणाला, "उन्हाळ्यापासून बोलवत होते, मास्तर. मी फोटोच समजत राहिलो." आणि मग, लहान मूल विचारतं तसं, "फार उशीर झाला का हो?"

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, नाही रे, शेवटी गेलास ना जवळ, तेच महत्त्वाचं. मास्तरांनी तसं काही म्हटलं नाही. खोट्या दिलाशानं शिष्याची फसवणूक होते, हे त्यांना माहीत होतं.

"झाला," ते म्हणाले, आणि आपली खुर्ची ओढून त्याच्या खुर्चीला लावून बसले.

वैजनाथला ते कळलं. 

कुठली लेन्स घ्यावी, असं मलाही लोक विचारतात. मी म्हणतो, आधी सांगा, फोटो कुणाचा काढायचाय, आणि त्यांच्याकडे वेळ किती उरलाय?