फुगोजीरावांची उडी

एका तळ्यातली कमळाची पाने दररोज एकमेकांपासून थोडी थोडी दूर सरकत असत. वारा नव्हता, प्रवाह नव्हता. पाने ढकलतो कोण, हे कोणीच पाहिले नव्हते. म्हणून बेडकांनी त्याला ‘रेटा’ असे नाव दिले, आणि नाव दिल्यावर निम्मे काम झाले असे मानले.

मोजणीची रीत मात्र चोख होती. दर चैत्रात अध्यक्ष फुगोजीराव बेडूक आपल्या रुंद पानावर एक उडी मारत. उडी पडे तिथे खूण होई आणि तेवढ्या लांबीची वेल कापून वर्षभर सगळी अंतरे मोजली जात. पंचवीस चैत्रांच्या नोंदींवरून पंडितांनी सिद्ध केले होते की रेट्याचा जोर वाढतोच आहे.

चिमाक्का बेडकीची लेक पलीकडच्या पानावर नांदत होती. यंदा ते पान दीड उडी लांब भरले, आणि एका उडीपलीकडचे पान म्हणजे कायमचे तुटलेले.  चिमाक्का संथाबाई गोगलगायीकडे गेली. “बाई, लेकीचं तोंड पुन्हा दिसेल का हो? तेवढंच सांगा.”

संथाबाई अध्यक्षांच्या पानावर चढली आणि प्रत्येक जुन्या खुणेपर्यंत सरपटत स्वतःच्या लांबीने मोजत राहिली. याला अख्खा उन्हाळा लागला. पहिल्या चैत्रातली उडी चाळीस गोगलगायी भरली, यंदाची अठरा. मग तिने साऱ्या नोंदी नव्याने मांडल्या. रेटा तरुणपणी जोरकस होता. अलीकडे तो दमत चालला होता.

हे तिने सभेत सांगितले.

“म्हणजे आमची उडी आखूड झाली म्हणता?” फुगोजीरावांनी विचारले. सभेतले सगळे पाण्याकडे बघू लागले.

“मी नाही, साहेब. खुणा म्हणतात.”

पुरावा रंजक आहे, पण आणखी दहा चैत्र वाट पाहावी आणि तोवर जुनीच मोजणी चालावी, असे ठरले. बाहेर पडताना संथाबाई चिमाक्काला हळूच म्हणाली, “सत्तावीस गोगलगायी आहे ते पान. तुझे पाय अजून धड आहेत. रेटा दमलाय, थांबलेला नाही. आजच जा.”

संध्याकाळी दवंडीवाला बेडूक काठाकाठाने ठराव ओरडत फिरला : एका उडीपलीकडच्या पानावर कोणीही पोहोचू शकत नाही!

पलीकडच्या पानावरून, लेकीशेजारी जेवायला बसलेल्या चिमाक्काने तोंडातला घास गिळला आणि हाक दिली, “जरा मोठ्यानं सांगा हो, इकडं नीट ऐकू येत नाही!”