साळिंदराची बिनछपराची गाडी

घाटातल्या एका जंगलात एक साळिंदर राहत असे, आणि त्याच्याकडे शर्यतीची जुनी विलायती गाडी होती. हिरव्या रंगाची, एकाच सीटची; ना छप्पर, ना दार. हँडल मारल्याशिवाय ती सुरू होत नसे, आणि सुरू झाली की सगळ्या जंगलाची दुपारची झोप मोडे. शेजारच्या अस्वलिणीकडे तितकीच जुनी, पण चार दारांची, छत असलेली स्पोर्ट्स सलून गाडी होती. मऊ सीटा, सरकत्या काचा आणि वेगही झकास. अस्वलीण तिच्यात दोन्ही पिल्लांना बसवून नदीवर जाई. दोघांनाही आपापल्या गाडीचे भारी कौतुक होते, आणि मुलांनो, त्यात वाईट काहीच नव्हते.

एके दिवशी राजाने, म्हणजे हत्तीने, दवंडी पिटवली. राजाच्या गाडीखान्यात एकाच जुन्या मोटारीला जागा होती. दोन्हींत सरस ठरेल ती तिथे राहणार, दुसरी भंगारवाल्या तरसाला मिळणार. तुलना करायला नेमले कोल्ह्याला. त्याला स्वतःला गाडी चालवता येत नव्हती, म्हणूनच बहुधा तो इतक्या ठामपणे बोले. साळिंदराला तो म्हणाला, "हिला छप्पर नाही, मागची सीट नाही. दोन्ही बसव, मग गुण देतो." तिथून अस्वलिणीकडे जाऊन म्हणाला, "अस्वलताई, शर्यतीच्या गाडीपुढे ही फार जड. छत कापा, दारे काढून टाका."

अस्वलीण बिचारी घाबरली. तिने दोन दिवसांत छत कापून घेतले. घाबरले तर साळिंदरही होते, पण त्याने मान डोलावली नाही. "कोल्हेदादा, ही पळण्यासाठी घडवलेली गाडी आहे, पाहुणे बसवण्यासाठी नाही. गुण द्या नाहीतर देऊ नका, सीट बसवायला हिला मी करवत लावू देणार नाही!"

"मग तरस नेईल हो!"

"नेऊ दे. पण जाईल ती शर्यतीची गाडी म्हणूनच जाईल," साळिंदर म्हणाले.

परीक्षेच्या दिवशी नदीपासून घाट चढून गाडीखान्यापर्यंत यायचे होते. सलूनच्या छतावरच तिच्या अंगाचा सगळा ताठपणा असतो, हे कोल्ह्याच्या गावीही नव्हते. दुसऱ्याच वळणावर ती मधोमध वाकली आणि खाली बसली. हिरवी गाडी मात्र धूळ उडवत वर पोहोचली.

तरस दोरखंड घेऊन सलूनकडे निघाला. पिल्ले रडू लागली. तेवढ्यात साळिंदर धावत खाली आले आणि सगळे काटे फुलवून त्याच्यापुढे उभे राहिले. "हिला हात लावायचा नाही! चार दिवसांपूर्वी ही उत्तम गाडी होती."

मागोमाग हत्ती आला. "पण गाडीखान्यात जागा एकच आहे," तो म्हणाला.

"मग ती हिला द्या, महाराज, आणि आधी हिचे छत जोडून घ्या. माझी गाडी बाहेर राहील. तिने छप्पर कधी मागितलेच नव्हते."

"पण महाराज, माझा गुणांचा कागद..." कोल्हा पुढे सरसावला.

हत्तीने तो कागद सोंडेने उचलला आणि तरसाच्या हातात दिला. "भंगार हवे होते ना तुला? हे घे."

तात्पर्य : दुसऱ्याच्या मापात बसण्यासाठी स्वतःला कापून घेऊ नये, जो कापायला सांगेल, त्याला तोंडावर नाही म्हणावे.