मुक्या मोडेमची जागा

एकदा एका गावच्या दूध संकलन केंद्रात एक शिष्य जुन्या संगणकापुढे हात टेकून बसला होता. अगदी खरोखरच टेकून. कोपर टेबलावर, कपाळ तळहातावर आणि डोळे मिटलेले. बाळगोंडा त्याचं नाव. पंचक्रोशीतल्या केंद्रांचे संगणक, काटे, दुधाची फॅट मोजणारी यंत्रं तो दुरुस्त करीत असे. ही विद्या ज्यांनी शिकवली त्या वृद्ध अप्पांना त्याने दुपारी निरोप धाडला होता, "माझ्यानं होत नाही. एकदा येऊन जा."

माणूस कामाने दमतो, असं आपण सरसकट म्हणून टाकतो. मला ते कधीच पटलेलं नाही. नांगराचा बैलसुद्धा जू उतरलं की दावणीला निवांत रवंथ करतो. बाळगोंडाचं जू उतरतच नव्हतं. साखर कारखान्यात कायमची नोकरी लावतो, असा शब्द एका साहेबाने त्याला फार मागे दिला होता. तेव्हापासून आज ना उद्या बोलावणं येईल, या आशेवर गडी होता. म्हणून त्याने दुकान थाटलं नाही, हाताखाली माणूस घेतला नाही. कुणाच्याही कामाला 'नाही' म्हटलं नाही. निघून तर जायचंच आहे, तोवर वाईटपणा कशाला घ्या. फोन वाजला की हातातला स्क्रू अर्धवट टाकून तो आधी कारखान्याचा नंबर आहे का बघे. बायको म्हणायची, "तुम्ही ना धड इथले, ना धड तिथले." आज सकाळी त्याने तिला सांगून टाकलं होतं की संध्याकाळच्या संकलनाला यंत्र पुन्हा अडकलं, तर हा धंदा कायमचा सोडणार आणि बोलावणं येईपर्यंत घरी बसणार.

अडचण अशी होती. केंद्राच्या संगणकाला मागे दोनच सिरियल पोर्ट. एकावर फॅट मोजणारं यंत्र, दुसऱ्यावर दुधाचा काटा. सकाळची रांग रस्त्यापर्यंत जाऊ लागली म्हणून चेअरमननी दुसरा काटा आणवला, आणि तो जोडायला बाळगोंडाने जादा पोर्टचं कार्ड बसवलं. नवा काटा एकटा चालवला की अगदी शहाण्यासारखा चाले. पण तो आणि फॅटचं यंत्र एकाच वेळी बोलू लागले, की संगणक जागच्या जागी गोठे. रांग थांबे. बायका किटल्या खाली ठेवून त्याच्याकडे बघत राहत. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं, असं त्याला होई.

अप्पा आले, खुर्ची ओढून बसले. त्यांच्याही गुडघ्यांनी आता असहकार पुकारला होता.

"काय काय करून झालं?" त्यांनी विचारलं.

"केबल बदलली, कार्ड बदललं, काटासुद्धा बदलून बघितला."

"आणि वाटा बघितल्यास?"

"बघितल्या अप्पा. एकही मोकळी नाही."

या वाटा काय, ते सांगायला हवं. पोर्ट म्हणजे दार. माल दारातून आत येतो हे खरं. पण 'मी आलो आहे' ही हाक संगणकाच्या कानापर्यंत जायला एक वाट लागते. जुन्या संगणकाला दारं वाढवता येतात, हाकेच्या वाटा मात्र मोजक्याच. बाळगोंडाचं नवं दार पहिल्या दाराच्याच वाटेवरून हाका मारत होतं. दोन हाका एकदम आल्या की संगणकाला कळेनासं होई, कोणाला ओ द्यावी.

अप्पांनी संगणक बंद करून त्याचं झाकण उघडायला लावलं. नव्या कार्डाकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. कोपऱ्यातलं धूळ खात पडलेलं दुसरंच एक कार्ड त्यांनी बोटाने दाखवलं.

"हे रे कशाचं?"

"मोडेम. पूर्वी रोजचे आकडे फोनवरून तालुक्याच्या दूध संघाला जायचे."

"आता?"

"फोन केव्हाच तुटला. आता पेनड्राइव्ह नेतात."

अप्पांनी स्क्रू काढला आणि ते कार्ड अलगद उपसून टेबलावर ठेवलं. बाळगोंडाला कळेना. तो थोडा चिडलाच. "अप्पा, मी तुम्हाला जोडायला बोलावलं आणि तुम्ही काढायला बसलात. ते बिचारं काहीच करत नाही. कुणाला त्रास नाही त्याचा. उद्या संघाने पुन्हा फोन सुरू केला तर असू दे, म्हणून ठेवलं होतं."

नव्या कार्डावरची, हाकेची वाट ठरवणारी बारीकशी खीळ अप्पांनी एका जागेवरून काढून दुसऱ्या जागी बसवली. झाकण लावलं, संगणक सुरू केला. नव्या काट्यावर किटली ठेवली, त्याच क्षणी फॅटच्या यंत्राची कळ दाबली. दोन्ही आकडे पडद्यावर आले. पुन्हा केलं, पुन्हा आले.

मग ते म्हणाले, "बाळगोंडा, ते मोडेम काही करत नव्हतं हे बरोबर. पण एक वाट त्याच्या नावाने राखून ठेवलेली होती. जो बोलतो तो निदान बोलून गप्प होतो, वाट मोकळी करतो. जो कधीच बोलणार नाही, त्याच्यासाठी राखलेली वाट मात्र दिवसरात्र अडलेली राहते. आणि मग जे खरोखर दारात उभे आहेत, त्यांनी एकमेकांना ढकलत हाका मारायच्या. यंत्र कामाने गोठत नव्हतं, लेका. वाट बघण्याने गोठत होतं."

बाळगोंडाने टेबलावरचं ते कार्ड हातात घेऊन उलटसुलट करून पाहिलं. यंत्र चाललं याचा आनंद त्याला व्हायला हवा होता. त्याऐवजी त्याने खिशातून फोन काढला.

"अप्पा, कारखान्यातल्या साहेबांना सांगतो. माझं नाव काढून टाका म्हणून."

"आज नको. दमलायस तू. उद्या सांग."

"उद्यावर टाकलं की पुन्हा तेच होईल."

त्याने तिथेच फोन लावला. उभा राहिला, शर्टाची बटणं सारखी केली. साहेबाशी बोलायचं होतं ना. "साहेब, मी बाळगोंडा बोलतोय. त्या नोकरीचं... माझी जागा आता दुसऱ्या कुणाला द्या, एवढंच सांगायचं होतं."

पलीकडून आवाज आला, "कोण बाळगोंडा? कुठल्या गावचे तुम्ही? कसली जागा?"

"काही नाही साहेब," तो हळूच म्हणाला आणि त्याने फोन खिशात ठेवला.

बाहेर संध्याकाळची रांग लागू लागली होती. बाळगोंडाने तोंडावर पाणी मारलं, दोन्ही काट्यांवरची फडकी काढली आणि पहिल्या बाईला म्हणाला, "मावशी, या. आता दोन्हीकडं चालू आहे."